कोपरच्या पिंपातलं नितळ पाणी

१

पाणी इतकं नितळ होतं की गडूच्या तळाशी कोरलेलं नाव वाचता येत होतं. ते प्यायलेला माणूस मात्र वीस मिनिटांत निळा पडला.

आधी ओठ, मग नखं, मग कानांच्या पाळ्या. ग्रेगरी मिस्किटा सर गावकऱ्यांशी बोलता बोलता थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शकू, दम लागतोय गं," आणि मांडवाचा खांब धरून खाली बसले. बसले ते आडवेच झाले. त्यांच्या बायकोनं, बिट्रिसबाईंनी, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता, कारण गडू मी दिला होता.

मी मुळातच भित्री. झुरळ, पाल, प्राचार्य आणि पोलीस या चारही गोष्टींना मी सारखीच घाबरते. डोंबिवलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून पंधरा वर्षं काढली, पण ॲसिडची बाटली उचलताना अजून देवाचं नाव घेते. अशा बाईच्या हातून भर मांडवात, ऐंशी माणसांच्या देखत हे घडलं. टेम्पोत घालून सरांना दवाखान्यात नेलं तेव्हा बिट्रिसबाईंनी मला बरोबर घेतलं नाही. मी हातात रिकामा गडू घेऊन उभी राहिले आणि मागून कोणीतरी म्हणालं, "तिला सोडू नका, पोलीस येईपर्यंत."

ही गोष्ट १९९२ सालच्या मे महिन्यातली, कोपरच्या खाडीकाठच्या एका कोळी पाड्यावरची.

२

सर ठाण्याचे, जुन्या ख्रिस्ती घराण्यातले. वागळे इस्टेटमधल्या रंगाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं रसायनज्ञ म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर ते प्रयोगांसाठी आमच्या कॉलेजात येऊ लागले, तेव्हा मला म्हणाले होते, "आयुष्यभर पाण्यात रंग घातला. आता काढून बघतो."

कसा काढायचा, तर फळांच्या कचऱ्यानं. कल्याणच्या बाजारात फणसाच्या साली, आंब्याच्या कोयी आणि केळ्यांच्या साली ढिगानं पडलेल्या असत. त्या सर पोत्यांनी आणत. वाळवायच्या, डब्यात ठासून झाकण घट्ट लावायचं, आणि हवा न लागू देता बाहेरून जाळ देऊन भाजायच्या. आत काळाकुळकुळीत, भुसभुशीत कोळसा तयार होतो. तो कुटायचा आणि राख निघून जाईपर्यंत तीन पाण्यांनी धुवायचा. आमच्या प्रयोगशाळेत मी मिथिलीन ब्लू नावाच्या गडद निळ्या रंगाच्या पाण्यात हा कोळसा टाकून हलवायची. दीड तासात पाणी पांढरं स्वच्छ. दोन वर्षं मी ही जादू पाहत होते आणि दर वेळी टाळी वाजवावीशी वाटायची.

पाड्याची विहीर नाल्याला लागून होती आणि नाला वरच्या रंगाच्या कारखान्यांकडून यायचा. विहिरीचं पाणी कधी गुलाबी, कधी जांभळं. म्हणून सरांनी सगुणाच्या अंगणात मोठं पिंप बसवलं: खाली वाळू, वर कोळशाचा जाड थर, तळाला तोटी. सगुणा मासे विकणारी, तोंडानं तिखट, पण पिंपाला घरातल्या तान्ह्या बाळासारखं जपायची.

उद्घाटनाच्या त्या सकाळी तिनं पिंपाला झेंडूची माळ घातली. मग एका वाटीत मीठ आणि मुठीत मोहरी घेऊन पिंपावरून तीनदा उतरवलं आणि मूठभर दोन्ही शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकलं. निखारे एकदम भडकले, हातभर पिवळी ज्वाळा उठली. बायका तोंडाला पदर लावून मागे सरल्या. "बगा गो, किती नजर लागली व्हती!" सगुणा म्हणाली. सर हसले. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण सगुणावर होता.

त्यानंतर ते भाषणाला उभे राहिले. पहिलं पाणी ते स्वतः पिणार होते. तोटीखाली मी गडू धरला, भरला, त्यांना दिला. ऊन मी म्हणत होतं. सरांनी उन्हात मीठपाणी प्यायच्या कारखान्यातल्या सवयीनं, ओटीवर ठेवलेल्या वाटीतलं चांगलं अर्धा चमचा मीठ पाण्यात घालून ढवळलं, सगळ्यांना गडू वर करून दाखवला आणि घटाघटा पिऊन टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

आणि आता ते दवाखान्यात होते. मला आठवत होती ती एकच गोष्ट, जी मी कोणाला सांगणार नव्हते. शेवटचं पोतं कोळसा मी तीनदा धुतला नव्हता. कॉलेजात पाणी गेलं होतं, म्हणून दोनदाच धुऊन पोत्याचं तोंड बांधलं होतं.

३

फौजदार तानाजी ढमाले जीपमधून उतरले तेव्हा मला वाटलं, झालं, आता बेड्या. पण त्यांनी आधी टॉवेलनं मान पुसली, खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली आणि मांडवातली खुर्ची ओढून सावलीला बसले. माणूस झोपेतून उठल्यासारखा दिसत होता.

"दवाखान्यातनं येतोय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, ऑक्सिजन लावूनही ओठ निळेच आहेत. रक्त काढलं तर चॉकलेटच्या रंगाचं. एक औषध आहे, कपाटात आहे. पण विष भलतंच निघालं तर त्याच औषधानं माणूस जायचा. वय सदुसष्ट, हृदय आधीच अधू. डॉक्टरांना विषाचं नाव पाहिजे. संध्याकाळपर्यंत थांबायला सवड नाही."

त्यांनी मांडवावरून एकदा नजर फिरवली.

"आता मी एकेकाला विचारणार," फौजदार म्हणाले. "माझी एक वाईट खोड आहे. कामाचं मला कोणी सांगू नका. ते सगळे आधीच ठरवून ठेवतात. सकाळपासून काय काय बिनकामाचं झालं, तेवढं सांगा."

पहिले गोमाजी. पाड्याचे म्हातारे पुढारी, दंडावर ताईत, आवाज खणखणीत. पिंप बसवायला त्यांनी उघड विरोध केला होता, म्हणून सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे वळले.

"इरोध केला, नाय कशाला बोलू?" ते म्हणाले. "पाच वर्सां आमी नळासाठी अर्ज देतूं. ह्ये पिंप इथं उभा रायला ना, तर सायब लोक बोलतील, तुमचा झाला, आता आठ दिसांनी येतो तो टँकरपन बंद. म्हून मी बोललू, नको. पन म्हातारा मानूस मारीन व्हय मी?"

"पहाटे कुठं होता?"

"घरात."

"अंगणात पिंपापाशी वाळलेल्या चिखलात पायांचे ठसे आहेत. आणि शेळीच्या खुरांचे," फौजदार शांतपणे म्हणाले. "शेळी पाड्यात एकच दिसतीय, तुमच्या दाराशी बांधलेली."

गोमाजींचा चेहरा पडला. त्यांनी ताईत चाचपला.

"मी तोटी सोडली, सायब. शेळीला पाजला पानी. बादलीभर पाजला. इखारी असला तर पोरां मरतील, म्हून आदी शेळी. सगल्यांसमोर इतका भांडलू, मग कसा सांगू की मना भीती वाटत व्हती?"

"शेळी कशी आहे?"

"ती बगा, पाला खाते."

मी पाहिलं. शेळी मजेत होती. पण त्यामुळे माझं भय कमी होण्याऐवजी वाढलं, कारण शेळीनंतर प्यायला पाणी तोटीतून फक्त मीच काढलं होतं.

४

दुसरा नाथा, सगुणाचा नवरा. वरच्या एका रंगाच्या कारखान्यात गोडाऊनला कामाला. अंगानं दणकट, पण त्या वेळी त्याला इतका घाम फुटला होता की शर्ट अंगाला चिकटला होता.

"मी माल चढवतो-उतरवतो, साहेब. रंगाचं आपल्याला काय माहीत?" तो म्हणाला. "सर बिचारे चांगले माणूस. मी सकाळी ड्यूटीवरनं आलेलो, आंघोळ केली, मांडवाचे बांबू बांधले. बस."

"कारखान्यातनं काही आणलं होतं?"

"नाय."

हे 'नाय' फार पटकन आलं. फौजदारांनी वर पाहिलं सुद्धा नाही. "पिंप चालू राहिलं तर कारखान्याची बदनामी, काय?"

"साहेब, कसम घेतो, मला कोणी काय बोललेलं नाही. मला लफड्यात नाय पडायचं. नोकरी जाईल माझी." तो उठला आणि आडोशाला जाऊन ओकला. लोक कुजबुजू लागले. कोणीतरी म्हणालं, कारखान्यानं पैसे चारले असतील. सगुणानं त्या माणसाकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

मग तिची पाळी. ती उभ्यानंच बोलली, हात कमरेवर.

"काय बिनकामाचा सांगू? नजर उतरवली. निखारा भडाकला. सर पानी प्यायले, पडले. मी चुलीकडं व्हती."

"चुलीवर काय?"

"गावदेवीचा निवद. मटान, भात, भाकरी. सगला ह्याच पिंपाच्या पान्यानं रांधला, सरांनी सांगितला व्हता म्हून."

"चव बघितली?"

ती दुखावल्यासारखी झाली. "निवदाचा कोन चाखतो? देवीच्या आदी जिभेला लावाचा नाय."

"बरं. आणखी काही?"

फौजदारांनी बडीशेप चघळली. त्यांची वाट बघायची रीत मोठी जीवघेणी होती. शेवटी ती पुटपुटली, "मटान शिजला, पन लालच रायला. गुलाबी गुलाबी, आतपरेंत. चार तास शिजतंय. मना वाटला पान्यातला रंग परत आला. मी वर मसाला घातला दाबून, कोनाला दिसू नये म्हून. सरांची दोन वर्सांची म्हेनत, सायब. चार मानसांत त्यांचा तोंड काला होईल, म्हून नाय बोलली."

तिनं पदरानं डोळे पुसले. रंग परत आला म्हणजे कोळसा निकामी. निकामी म्हणजे नीट धुतलेला नव्हता. म्हणजे मीच.

५

"आता तुम्ही, बाई," फौजदार म्हणाले.

मी पाच मिनिटं निव्वळ खोटं बोलले. कोळसा कसा उत्तम होता, कसा तीनदा धुतला, गडू कसा स्वच्छ घासला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरांचा शिपाई आत्ताच येऊन गेला. नखं काळी पडायला लागलीत म्हणे."

तिथं माझा बांध फुटला. मी म्हणाले, "दोनदाच धुतला हो. शेवटचं पोतं दोनदाच. मीच मारलं त्यांना."

मला वाटलं आता ते उठून मला धरतील. त्यांनी फक्त विचारलं, "न धुतलेल्या कोळशात काय राहतं?"

"राख."

"राखेनं माणूस निळा पडतो?"

तीन तास भीतीनं मला हा साधा प्रश्न सुचू दिला नव्हता. राखेनं पाणी जरा बुळबुळीत लागतं, पोट बिघडेल फार तर. माणूस निळा पडत नाही.

"नाही," मी म्हणाले.

"शेळी त्याच पिंपातलं बादलीभर प्यायली आणि पाला खातीय. त्यानंतर पिंपाचं झाकण कोणी उघडलं?"

"कोणीच नाही. वर माळ होती, ती तशीच आहे."

"मग पिंपात विष नव्हतं. गडूत होतं. गडूत तुम्ही काय घातलं?"

"पाणी."

"त्यांनी काय घातलं?"

"काही नाही."

फौजदार पहिल्यांदाच हसले. "माझी आई गावाकडं ताक देते. विचारलं, आई, काय घातलंय गं यात? तर म्हणते, काही नाही. प्यावं तर मीठ असतंच की. मिठाला कोणी मोजतच नाही."

मी त्यांच्याकडे न बघता धावत सगुणाच्या ओटीवर गेले. वाटी तिथंच होती, तळाशी मीठ. बारीक, पांढरं, किंचित पिवळसर, दमट. पाड्यात मिठागराचं जाडं, करडं मीठ वापरतात. हे तसं नव्हतंच.

"शेगडी," मी म्हणाले. "शेगडी विझलीय का?"

विझली नव्हती. फुंकर मारून निखारे फुलवले. आधी सगुणाच्या बरणीतलं जुनं जाडं मीठ टाकलं. ते तडतडलं, उडालं, संपलं. दृष्ट काढताना मीठ असंच तडतडतं, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. मग वाटीतली चिमूट टाकली. ती तडतडली नाही. वितळली, फुसफुसली, आणि निखाऱ्यातून पिवळी ज्वाळा उठली. फौजदार एक पाऊल मागे झाले.

"मीठ जळत नाही, साहेब," मी म्हणाले. "निखारा भडकवतो तो सोरा. फटाक्यातला. आणि बिट्रिसबाई नाताळात मांस खारवतात ना, त्यातही चिमूटभर सोरा घालतात, लालचुटुक राहावं म्हणून. मी त्यांच्याकडे बघितलंय. जे निखारा भडकवतं आणि मटण लाल ठेवतं, ते सोऱ्याच्या घरातलं. सोऱ्याचा एक सख्खा भाऊ आहे, नायट्राइट. दिसायला मीठ, चवीला मीठ. रंगाच्या कारखान्यात पोत्यांनी लागतं. आणि ते पोटात गेलं की रक्त चॉकलेटी होतं."

फौजदारांनी खिशातून कागद काढला. "लिहा. डॉक्टरला वाचता येईल असं लिहा."

मी लिहिलं: सोडियम नायट्राइट, अंदाजे अर्धा चमचा. 'नायट्राइट' दोनदा खोडून पुन्हा नीट लिहिलं. चिठ्ठी घेऊन जीप धुरळा उडवत निघाली. फौजदार नाथाकडे वळले.

"मीठ कुठलं?"

"कारखान्यातलं," तो म्हणाला. "रंग खाली बसवायला तिकडे मीठच घालतात, साहेब. खरं मीठ. गोडाऊनला ढीग असतात. सगळे घरी आणतात, मासे खारवायला. माझा बाप पण आणायचा. काल मी नवीन पोतं फोडलं, पोतं मिठाचंच होतं, वर मीठच लिहिलेलं. कोणी दुसरा माल त्याच पोत्यात भरून ठेवला असणार. सर पडले तेव्हा मला वाटलं, मीठ तर नसेल? मग वाटलं, मिठानं कोण मरतो. मग वाटलं, सांगितलं तर चोरी निघेल." तो हुंदके देऊ लागला. "तीन तास मी हेच बोलत बसलो मनात."

"किती आणलंत?" फौजदारांनी विचारलं.

"दोन किलोची पिशवी."

वाटीत होतं ते मूठभर. मी सगुणाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे. आणि मग एकाच वेळी आम्ही दोघींनी मांडवाच्या पलीकडे पाहिलं.

६

निवद दाखवून झाला होता. आम्ही ओटीवर होतो तेवढ्यात गोमाजींनी ठरवलं होतं की देवीला आणि पोरांना किती वेळ उपाशी ठेवायचं. मांडवात पत्रावळी मांडल्या होत्या. पहिल्या पंगतीला मुलं. दोन बायका टोपातून मटण वाढत होत्या आणि मुलं भाताला आळं करून वाट बघत होती.

मी आयुष्यात कधी कोणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी जो आवाज काढला तो खाडीपलीकडे गेला असेल. "हात लावू नका! कोणी तोंडात घालू नका!"

पोरं थबकली, पण एका वाढणाऱ्या बाईला राग आला. देवीच्या जेवणाला ही कोण नाही म्हणणार? ती पुढच्या पत्रावळीवर वाढायला वाकली. मी पळत जाऊन टोपाच्या काठाला दोन्ही हात लावले. तो गरम होता, हे मला नंतर, हाताला फोड आल्यावर कळलं. मी तो उलटा केला. लाल रस्सा आणि गुलाबी मटण सगळं मातीत.

पाडा एकदम अंगावर आला. कोणी माझा पदर ओढला. कोणी म्हणालं, निवद पायदळी घातला, आता देवी सोडणार नाही. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता मला मारतात.

"तिला हात लावाल तर मना आदी मारा!" सगुणाचा आवाज. ती माझ्यापुढे उभी होती. "ह्यो जेवन मी रांधलाय आनि मीच बोलते, इख हाय ह्यात. माज्या हातचा मीठ हाय. पोरांनो, उठा, हात धुवा!"

फौजदार प्रत्येक पत्रावळ स्वतः पाहत फिरले. एका मुलीनं रस्सा बोटाला लावून चाटला होता. तिलाही दवाखान्यात पाठवलं. बाकी कोणाच्या पोटात काही गेलं नव्हतं. अजून एखादा मिनिट उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही. अर्ध्यावर सोडून देते.

७

सर वाचले. चिठ्ठी वाचून डॉक्टरांनी कपाटातली कुपी काढली आणि शिरेत सुई घातली. ती कुपी गडद निळी होती. बिट्रिसबाई सांगत होत्या, औषध जाताना त्यांना वाटलं, आधीच निळ्या पडलेल्या माणसाला हा डॉक्टर आणखी निळा करतोय. तासाभरात ओठांवर लाली आली. औषधाचं नाव मिथिलीन ब्लू. दोन वर्षं मी जे पाण्यातून काढून टाळ्या वाजवत होते तेच. ती चाटलेली मुलगी संध्याकाळीच घरी आली आणि जेवायला मागू लागली.

नाथा तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. आत जायची त्याची हिंमत होईना. फौजदार म्हणाले, "चोरी कारखान्याच्या मिठाची. त्यांनी तक्रार केली तर बघू, पण मिठाच्या पोत्यात तो माल काय करत होता हे त्यांनाच आधी सांगावं लागेल. ते तोंड उघडणार नाहीत. तू जे तीन तास गप्प बसलास, त्याला कुठलं कलम लावू, ते मला पुस्तकात सापडत नाही." नाथानं मान खाली घातली. मला त्याच्यावर राग काढता आला नाही. मीही तीन तास गप्पच होते.

तिसऱ्या दिवशी सरांनी मला खाटेजवळ बोलावलं. मला वाटलं, शाबासकी देतील. ते छताकडे बघत होते.

"शकू, आपला कोळसा नायट्राइट अडवतो?"

"नाही सर. रंग अडवतो. क्षार तसेच खाली येतात."

"ते ज्या कारखान्यात वापरतात, त्याचं सांडपाणी कुठे जातं?"

"नाल्यात," मी म्हणाले. ते त्यांनाही माहीत होतं.

"म्हणजे विहिरीत ते रोज थोडं थोडं येत नसेल कशावरून? मी रंग मोजला. दुसरं काहीच मोजलं नाही. तीस वर्षं रंग केले, मला रंगच दिसतो." ते थांबले. श्वास अजून पुरत नव्हता. "पाणी जांभळं होतं तेव्हा आया पोरांना त्याला तोंड लावू देत नव्हत्या. मी ते नितळ करून दिलं आणि सांगितलं, प्या. वर स्वतः पिऊन दाखवलं. नाथानं एक दिवस चूक केली गं. मी रोज करायला निघालो होतो."

आणि सर रडले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, नाकात नळी, रडताना आवाजही नीट निघत नव्हता. बिट्रिसबाई त्यांचा हात चोळत राहिल्या. थोड्या वेळानं ते म्हणाले, "जा. पाड्यावर जाऊन सांग. तपासणी होईपर्यंत ते पाणी जाळी धुवायला, भांडी घासायला. प्यायला नाही."

"मी एकटी?"

"तू टोप उलटा केलास ना?"

मी कोपरला उतरून उन्हातून चालत गेले. हाताला पट्ट्या होत्या. पाड्यावर पाय ठेवताना वाटत होतं, लोक पुन्हा अंगावर येतील. कोणी आलं नाही. सगुणा अंगणात होती. तिनं पिंप घासूनपुसून लखलखीत केलं होतं, नवी माळ घातली होती आणि तोटीखाली हंडा लावला होता. शेजारी दोन पोरी आपापल्या कळशा घेऊन नंबर लावून बसल्या होत्या.

"मना वाटला तुमी आता कदीच येनार नाय," ती म्हणाली. "सर बरं हायत ना? बगा, पानी कसा काचंसारका येते. मीठ सगला खाडीत टाकला. आता भ्या नाय."

मी तिला सगळं सांगितलं. कोळसा काय अडवतो आणि काय अडवत नाही. नाल्यातून काय येत असेल. विहिरीचं पाणी ठाण्याला तपासायला पाठवलंय, उत्तर यायला महिना लागेल, दोनही लागतील. तोवर प्यायचं नाही. तिनं वाकून तोटी बंद केली, अर्धा भरलेला हंडा उचलून पालथा केला आणि पाणी मातीत जिरेपर्यंत बघत राहिली. पोरी कळशा घेऊन उठल्या.

"बरा," सगुणा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "मंग आमी पियाचा काय, बाय?"

तीन दिवस मी भीतीनं नुसती कापत होते. त्या प्रश्नासमोर ती भीती कुठल्या कुठे गेली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.